विष नसलेल्या कोळ्याची गलोल

कोळी म्हटला की विष आलंच, असा आपल्याकडे पक्का समज आहे. अंगावर फोड उठले की 'कोळी मुतला' म्हणतात आणि अंगारे-धुपारे सुरू होतात. खरं कारण अनेकदा नागिणीचा विषाणू नाहीतर त्वचेवर चिरडलेला पेडेरस किडा असतो. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं. युलोबोरिडी या कुळातल्या कोळ्यांना तर विषग्रंथीच नसतात!

याच कुळातला हिप्टिओटस पॅराडॉक्सस ब्रिटनमध्ये दुर्मीळ आहे. तो यू आणि बॉक्स या सदाहरित झाडांवर सापडतो. मादी जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची. वाळक्या काटकीच्या टोकाला बसली की थेट कळीच वाटते.

तिचं जाळं गोल नसतं, त्रिकोणी असतं. चार धागे पंख्यासारखे पसरतात आणि त्यांच्या मधल्या तीन भागांत आडवे धागे विणलेले असतात. हे आडवे धागे चिकट नसतात. मागच्या पायावरच्या कंगव्याने विंचरून काढलेल्या अतिसूक्ष्म तंतूंमध्ये किड्याचे केस-काटे अडकतात. चारही धागे पुढे एका धाग्यात मिळतात. हा धागा फांदीपर्यंत सलग नसतो. मध्ये थोडी जागा सुटलेली असते आणि तिथे दोन्ही टोकं धरून कोळीण स्वतः ताणलेली असते.

मागच्या पायांनी ती धागा हळूहळू ओढत जाते, जाळं ताणलं जातं आणि सुटलेला ढिला धागा तिच्या अंगाशी गोळा होतो. स्नायूची अडचण अशी, की तो एकाच वेळी खूप जोर आणि खूप वेग देऊ शकत नाही. म्हणून ती जोर सावकाश लावते आणि ऊर्जा धाग्यांत साठवून ठेवते. शक्ती म्हणजे ऊर्जा भागिले वेळ. साठवायला कितीही वेळ लागो, सोडताना तो क्षणभराचाच हवा. माशी धडकली की कोळीण मागची पकड सोडते आणि जाळ्यासकट पुढे फेकली जाते. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्या जवळच्या नात्यातल्या हिप्टिओटस कॅव्हेटसचं हे त्वरण मोजलं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा होता सेकंदाच्या वर्गाला सुमारे 770 मीटर, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळपास 80 पट. पिसू उडी मारते तेव्हा ऊर्जा तिच्या शरीरातच साठलेली असते. इथे ती शरीराबाहेर, स्वतः विणलेल्या वस्तूत साठते, आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच.

झटका बसला की माशी आणखी गुंतते. गरज पडली तर कोळीण पुन्हा ताणते, पुन्हा सोडते. मग दंश न करता तिला रेशमात गच्च गुंडाळते, त्या गाठोड्यावर पाचकरस ओतते आणि विरघळलेलं अन्न शोषून घेते.