फोटोवर ओळी की फोटोखाली?

फोनने काढलेला फोटो आणि त्याच्यासोबत चार ओळी, हा प्रकार मराठीत आता रोजचा झाला आहे. त्याची मुळे शोधायला फार मागे जावे लागत नाही. पूर्वी कॅमेऱ्याच्या रिळात ३६ फोटो निघत, धुलाईचा खर्च वेगळा. त्यामुळे रीळ बारसे, लग्न आणि वार्षिक सहल यांतच संपे. एसटी स्टँडवरच्या चहाच्या ग्लासावर ते कोण खर्चणार? ओळींची हौस मात्र तेव्हाही होती. नव्वदच्या दशकात चारोळी कॉलेजच्या वह्यांमध्ये उतरली, सूर्यास्ताच्या भेटकार्डांवर छापली गेली. आजचा फॉरवर्ड त्या भेटकार्डाच्याच घराण्यातला.

कॅमेऱ्याचे फोन आपल्याकडे रुळले ते त्यानंतरच्या दशकात. २००३ च्या नोकिया ६६०० चा कॅमेरा जेमतेम ०.३ मेगापिक्सेलचा. संध्याकाळ झाली की त्यात धड काही दिसत नसे आणि फोटो ब्लूटूथने फार तर शेजारच्या फोनपर्यंत जाई. पण फुकट होता, आणि तेवढ्यानेच विषय बदलले. लोकलची खिडकी, पावसात भिजलेली सायकल, भाजीवालीचा तराजू असे काहीही टिपावेसे वाटू लागले.

खरी अडचण होती ती अक्षरांची. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण हातातल्या फोनला ती धड दाखवता येत नव्हती. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला, जोडाक्षरे फुटलेली, नाहीतर नुसते चौकोन. अँड्रॉइडवर हे दुखणे २०१२ च्या सुमारास ४.१ आवृत्तीपासून कमी होऊ लागले. तोवर हौशी मंडळींनी आपली वाट काढली होती. संगणकावर श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फाँटमध्ये ओळी टाइप करायच्या, त्या फोटोवर चिकटवायच्या आणि सगळे मिळून एकच चित्र धाडून द्यायचे. चित्र कुठल्याही फोनवर जसेच्या तसे उघडते. ही निव्वळ सोय होती, पण पुढे तीच शैली मानली गेली आणि वाद सुरू झाला.

ओळी फोटोवरच हव्यात, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की त्या वेगळ्या केल्या तर वाटेत गळून पडतात. फोटो पुढे जातो, कविता मागे राहते. मुद्दा खोटा नाही. पण चित्रात गेलेल्या ओळी सहज शोधता येत नाहीत, दृष्टिहीनांच्या फोनला त्या बरीच वर्षे वाचून दाखवता आल्या नाहीत, आणि शुद्धलेखनाची चूक कायमची गोंदली जाते. शिवाय कोपऱ्यातले कवीचे नाव कापायला दोन सेकंद पुरतात. मग खाली ‘अज्ञात’ असे लिहून तीच कविता वर्षभर फिरते. ओळी खाली लिहिल्या की फोटोही मोकळा श्वास घेतो, हे सौंदर्याचे कारण मी मुद्दाम शेवटी देतो आहे, कारण ते आवडीवर अवलंबून आहे. फोटोवरच लिहायला सरावलेले लोक यावर असे उत्तर देतात की आता मुक्ता, बालू यांसारखे देखणे देवनागरी फाँट मोफत मिळतात, मग अक्षरे लपवायची कशाला? तेही खरे. मात्र धुक्यातल्या माळशेजवर भडक पिवळ्या अक्षरांत विरहाच्या ओळी पाहिल्या की हे उत्तर पटेनासे होते.

२०१६ च्या सप्टेंबरानंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि भटकंतीचे फोटो धो धो येऊ लागले. त्याच वर्षी मुंबईतल्या काही धोक्याच्या किनाऱ्यांवर सेल्फीला मनाई झाली होती. घाटातल्या धबधब्यांवर पावसाळी बंदीचे आदेश आता दरवर्षीचेच. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलेल्या कास पठारावर फुलांत लोळून काढलेले फोटो आणि त्यांवर निसर्गप्रेमाच्या ओळी, हाही याच काळातला नमुना.

२०१८ पासून व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. कवितांचे फिरणे त्याने मंदावले, तरी कवींची नावे काही परत आली नाहीत. काही गटांनी स्वतःचा नियम केला आहे: फोटोवर फक्त नाव आणि गाव, ओळी खाली. स्टेटसवर हा नियम कोणी पाळत नाही. ते २४ तासांत जाते, त्यामुळे तिथे भांडायलाही सवड नसते.