इक्वलायझर, मोटारीतील

मोटारीच्या ध्वनियंत्रणेतून येणाऱ्या आवाजातले खर्ज, मध्य आणि तार भाग स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची सोय. ‘बेस’ आणि ‘ट्रेबल’ ही दोन बटणे म्हणजे तिचे सर्वांत साधे रूप. नाव आले दूरध्वनीतून. लांब तारांवरून जाताना आवाजातल्या उंच वारंवारता क्षीण होत. दुसऱ्या टोकाला त्यांची पातळी पुन्हा ‘समान’ करणारे विद्युत मंडल तो इक्वलायझर. मुळात हे वाटेत बिघडलेला आवाज दुरुस्त करण्याचे साधन आहे. गाडीत फरक इतकाच, की बिघाड तारेत नसून खुद्द गाडीच्या डब्यात असतो.

ध्वनी ऐकायला मोटारीइतकी गैरसोयीची खोली शोधून सापडायची नाही. पुढे, मागे आणि बाजूला काच, ती तार स्वर आपटून परत पाठवते. सीटचा फोम आणि मॅट तेच स्वर गिळतात. स्पीकर दारात, गुडघ्याच्या खाली. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणून १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या जवळ जाते. छोट्या गाडीच्या आतल्या जागेत ती पुरती मावतही नाही. परिणाम असा, की साधारण ६० ते ७० हर्ट्झच्या खालचा खर्ज बंद डब्यात आपोआप फुगतो, तर १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज बहुधा कोंदतो, खोक्यातून आल्यासारखा वाटतो. दुरुस्तीची सुरुवात बहुतेक वेळा याच पट्ट्यापासून होते.

काही दोष मात्र इक्वलायझरच्या हातातले नाहीत. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर त्याला डाव्यापेक्षा जवळ पडतो. अंतरातला हा फरक अर्धा मीटर असेल तर डावा आवाज सुमारे दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गायक उजव्या दारात बसल्यासारखा ऐकू येतो. त्यावर उपाय ‘टाइम अलाइनमेंट’चा, म्हणजे जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर लावण्याचा. तसेच दोन स्पीकरच्या लहरी एकमेकींना मारतात तिथे आवाजात खड्डा पडतो. त्या वारंवारतेची पट्टी, म्हणजे ती कमी-जास्त करणारी सरकती खूण, वर नेली तर दोन्ही लहरी वाढतात आणि खड्डा होता तसाच राहतो. दाराचा पत्रा थरथरत असेल तर ब्यूटाइल रबराचे, थरथर शोषणारे डॅम्पिंग शीट चिकटवणे हाच मार्ग. पत्र्याची खडखड इक्वलायझरने झाकायचा प्रयत्न म्हणजे गळक्या छताला रंग देणे.

पट्ट्यांचा लोकप्रिय आकार होडीसारखा असतो : दोन्ही टोके वर, मध्य खाली. दुकानासमोर गाडी उभी, इंजिन बंद, दार उघडे. अशा वेळी ही होडी झकास वाजते. दुसऱ्या उड्डाणपुलापर्यंत गायक गायब झालेला असतो, कारण मानवी आवाजाचा अर्थ पोचवणारा भाग मध्यातच असतो.

शहाणी पद्धत उलटी आहे. आधी सगळ्या पट्ट्या शून्यावर आणाव्यात. लाउडनेस, बेस बूस्ट, सराउंड बंद करावे. फोनमधला इक्वलायझरही बंद हवा, नाहीतर एकच दुरुस्ती दोनदा होते. दाराच्या छोट्या स्पीकरना साधारण ८० हर्ट्झखालचा खर्ज पाठवू नये. तो वूफरचे, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचे काम. मग पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या वारंवारता असलेला चाचणीचा खळखळाट लावून, फोनवरच्या विश्लेषक अ‍ॅपने डोक्याच्या आसपास चार-पाच ठिकाणी मोजून, उंचवटे शोधावेत आणि ते कापावेत. फोनचा माईक खोल खर्ज नीट टिपत नाही, तिथे कानावरच भिस्त ठेवावी. सपाट आलेखाचा हट्टही नको. गाडीत खर्ज थोडा वर आणि तिथून तारेकडे हलका उतार असा आलेख कानाला बरा लागतो.

वाढवण्यापेक्षा कापणे बरे, याचे कारण हिशोबी आहे. एखादी पट्टी ३ डेसिबलने वर नेली की तिथे अ‍ॅम्पला (आवाज वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) दुप्पट शक्ती लागते, ६ डेसिबलला चौपट. स्टीरिओच्या खोक्यावर ५० वॅट गुणिले ४ छापलेले असले, तरी सलग मिळणारी शक्ती साधारण २० वॅटच्या घरात असते. पुरवठा संपला की आवाज फाटतो, आणि फाटका आवाज ट्वीटर, म्हणजे तार स्वरांचा छोटा स्पीकर, जाळू शकतो.

कान तपासायला ओळखीचा आवाज हवा. आकाशवाणीवरच्या बातम्या यासाठी उत्तम : निवेदकाचा आवाज घशात अडकल्यासारखा वाटला तर २०० ते ४०० हर्ट्झ कमी करावे, ‘स’ आणि ‘श’ चिरचिरले तर ५ ते ८ हजार हर्ट्झ. डग्ग्याची मींड (सरकत जाणारा नाद) ऐकू यावी, पण ती तंबोऱ्यावर चढून बसू नये. झांजेची चमक मात्र रेडिओवर पारखू नये. एफएमचे प्रक्षेपण १५ हजार हर्ट्झपर्यंतच जाते.

ठाणे आणि नवी मुंबईत एकच सेटिंग पुरत नाही. घोडबंदर रस्त्यावर गाडी रांगत असताना भोवती हॉर्नची धार असते, आणि ती कान सर्वांत तीक्ष्ण असतो त्या २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात टोचते. माजिवड्याहून कळवा, विटावामार्गे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागले की अवजड वाहनांची घरघर सुरू होते. पाम बीच रस्त्यावर वेग वाढतो, तशी टायर आणि वाऱ्याची गुरगुर खर्ज गिळते. म्हणून स्टीरिओत दोन जागा राखून ठेवाव्यात : कोंडीसाठी सौम्य, वेगासाठी खर्ज दोन-तीन डेसिबल वर. दुसरे कारण कानाचे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवले, की आवाज लहान असताना कानाला खर्ज जास्त मंद वाटतो. सेटिंग त्यामुळे रोज जितक्या आवाजात ऐकतो तितक्यातच करावे. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येणार नाही इतका आवाज कोणत्याच सेटिंगमध्ये नको.

प्रकार मुख्यतः दोन. ग्राफिकमध्ये पट्ट्यांच्या जागा ठरलेल्या असतात. पॅरामेट्रिकमध्ये वारंवारता, प्रमाण आणि पट्ट्याची रुंदी हे तिन्ही बदलता येतात. ही कल्पना ध्वनिअभियंता जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये मांडली. अरुंद उंचवटा कापायला दुसराच कामाचा.

सेटिंग करायला सोसायटीचे पार्किंग सोयीचे वाटते, पण तळघरात किंवा पोडियमखाली शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. बंद काचा तार स्वर अडवतात, खर्ज मात्र काच आणि भिंत ओलांडून पहिल्या मजल्यावर पोचतो. तिथे गाणे ऐकू येत नाही, फक्त ठोका येतो.