दिवाडी-चोडणची खाजने : बांध कोणाचा, निर्णय कोणाचा?

गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी किंवा चोडण बेटावर एखादा बांध फुटला, की दुरुस्तीआधी वाद सुरू होतो तो ती कोणी करायची याचा. ग्रामपंचायत, कुळांची संघटना, कोमुनिदाद (गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था), कृषी खाते आणि मामलेदार या सर्वांचा बांधाशी काही ना काही संबंध असतो, मात्र तो संपूर्णपणे कोणाच्याच ताब्यात नसतो. ही अवस्था गेल्या साठ वर्षांतली आहे. त्याआधीची व्यवस्था पोर्तुगीजांपूर्वीची होती.

भरतीच्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन बांध घालून लागवडीखाली आणली, की तिला खाजन म्हणतात. या पद्धतीचे मर्म मानशीत, म्हणजे बांधातील दारात आहे. मानशीच्या लाकडी झडपा अशा टांगलेल्या असतात, की नदीचे पाणी चढू लागले म्हणजे त्याच्याच दाबाने त्या मिटतात आणि ओहोटी लागली, की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरींनी जमिनीतला खार धुऊन निघाला म्हणजे कोरगुटासारखे खार सोसणारे भात घेतात, आणि कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन त्यात मासळी व कोळंबी धरतात. एकाच जमिनीतून भात आणि मासळी दोन्ही काढायची असल्यामुळे पाणी कधी घ्यायचे आणि कधी अडवायचे, हा निर्णय एकट्यादुकट्याने घेण्यासारखा नव्हता.

तो निर्णय गावकरी ही संस्था घेत असे. तिलाच पुढे पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद म्हटले गेले. 1510 मध्ये ही बेटे ज्यात येतात ती तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि 1526 मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या रूढी 'फोराल' या दस्तऐवजात नोंदवल्या. शेताचे तुकडे आणि मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जाई; येणाऱ्या पैशातून बांधांची डागडुजी आणि गावाचे इतर खर्च भागवून उरलेली रक्कम गावकारांत, म्हणजे संस्थेच्या सभासदांत, 'जण' म्हणून वाटली जाई. बांध खचला तर उत्पन्न आणि पर्यायाने जण घटणार, हे प्रत्येक गावकाराला ठाऊक होते. या व्यवस्थेकडे आज हळवेपणाने पाहिले जाते, परंतु तिच्यात मत फक्त मूळ घराण्यांतील पुरुषांना होते आणि चिखलात उतरून बांध घालणाऱ्यांपैकी अनेकांना ते नव्हते, हे विसरता येत नाही.

जमिनीच्या हद्दींवरून या गावांत होणाऱ्या तंट्यांची आठवण दिवाडीवर अजून टिकून आहे. ऑगस्टमध्ये पियेदाद येथे होणारा बोंदेराम हा निशाणांचा उत्सव, पोर्तुगीजांनी हद्दी दाखवण्यासाठी रोवलेली निशाणे गावकऱ्यांनी पाडली, त्या प्रकारातून आला असे सांगितले जाते.

1961 साली, गोवामुक्तीच्या काही महिने आधी, कोमुनिदादींची संहिता निघाली. 1962 मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायती आल्या, 1964 मध्ये कूळ कायदा झाला आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कुळांना जमिनीचे मालक ठरवले. न्यायाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. तथापि जमिनीबरोबर बांधाची सामुदायिक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि कोमुनिदादीचा उत्पन्नावरचा हक्क संपला. पुढे कोळंबीला भाव आला तेव्हा काही ठिकाणी मानस भाताच्या वेळापत्रकाऐवजी मासेमारीच्या ठेकेदाराच्या सोयीने उघडली जाऊ लागली. ज्यांना नोकरी किंवा परदेशातील कमाईमुळे शेतीची गरज उरली नव्हती, त्यांना ठेक्याचा वाटा पुरेसा वाटे. खारे पाणी महिनोन्महिने आत राहिलेल्या खाजनात भात पिकत नाही, तिथे खारफुटी उगवते.

खारफुटी उगवल्यावर प्रश्न आणखी गुंतला. 1988 मध्ये चोडणच्या पश्चिम टोकावर सलीम अली पक्षी अभयारण्य घोषित झाले, 1991 मध्ये किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली आणि 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद करून खाजनांचे नकाशे तयार करण्यास, त्यांच्या कडेची खारफुटी राखण्यास आणि तिथे विकासकामे न करण्यास सांगितले गेले. बिल्डरांना आवर घालण्यास या तरतुदी उपयोगी पडल्या. मात्र पडीक खाजनात भात पुन्हा घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यालाही आधी त्याच खारफुटीला तोंड द्यावे लागते, आणि तिथून पुढे विषय वन खात्याकडे जातो.

बाहेरून येणारे आघात वेगळेच होते. मांडवीतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांधांचे चिरे ढिले होत, आणि तो ताण 2012 मध्ये खाणी बंद होईपर्यंत चालू होता. खेकडे बांधात बिळे करतात तो उपद्रव जुनाच आहे; पूर्वी त्यावर वेळच्या वेळी लक्ष असे, कारण एका भोकातून शिरलेले पाणी उधाणाच्या रात्रीत खिंडार पाडू शकते.

1994 च्या पंचायत राज कायद्यानंतर या बेटांवरील चोडण-माडेल, गोलती-नावेली आणि सांव माथियश येथील ग्रामसभा बांधकाम परवाने, कचरा, रस्ते आणि फेरीबोट या विषयांवर निर्णय किंवा मागण्या करू शकतात. फुटलेल्या बांधाबाबतही त्या ठराव घेऊ शकतात. परंतु मानशीचा लिलाव कुळांच्या संघटनेकडे, संघटनेवरील देखरेख मामलेदाराकडे आणि दुरुस्तीचे अनुदान कृषी खात्याकडे असल्यामुळे तो ठराव या तीन दारांतून फिरत राहतो, आणि दरम्यान त्याच खिंडारातून दिवसातून दोनदा भरती आत येत असते.