कटऑफमागची चाळीस वर्षं: महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग प्रवेशांची पार्श्वभूमी

1983 पर्यंत महाराष्ट्रात इंजिनीअरिंगसाठी मोजकीच नावं घेतली जायची. पुण्याचं सीओईपी (1854), मुंबईचं व्हीजेटीआय (1887), सांगलीचं वालचंद (1947) आणि साठच्या दशकात निघालेली कराड, औरंगाबाद, अमरावतीची शासकीय महाविद्यालयं. बारावीला थोडक्यात हुकलेली मुलं देणगी भरून कर्नाटक गाठायची. 1983 मध्ये वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुण्यात त्याच वर्षी एमआयटी, पीआयसीटी सुरू झाली.

मात्र देणगीवर जागा मिळत होती तोवर कोणत्या खासगी महाविद्यालयाला खरी मागणी आहे, हे कळायला मार्गच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या उन्नीकृष्णन निकालाने खासगी महाविद्यालयांतल्या जागाही गुणवत्ता यादीतून भरायला लावल्या. नव्वदीच्या अखेरीस हिंजवडीत आयटी पार्क उभा राहिला, आणि कॉम्प्युटर, आयटी, ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) याच शाखांवर भर ठेवणारं पीआयसीटी वर चढत गेलं. आज तिथली कॉम्प्युटर शाखा अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयातल्या कॉम्प्युटरच्या आधी भरते. विद्यार्थी आधी शाखा पाहतात, मग कॉलेज. इमारतीचं वय त्यानंतर येतं.

निकष मधल्या काळात बदलत राहिले. 2014 आणि 2015 ला जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचे आणि बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरले गेले. 2016 पासून राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, परतली, आणि 2019 ला परीक्षा संगणकावर आली तेव्हापासून गुणांऐवजी पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती परीक्षार्थी आपल्या मागे आहेत तो आकडा.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. तीन लाख परीक्षार्थी असतील तर 98 पर्सेंटाइलच्या पुढे सहा हजार मुलं असतात. चार लाख असतील तर आठ हजार. म्हणून जुन्या कटऑफमधलं पर्सेंटाइल पाहू नका, गुणवत्ता क्रमांक पाहा. तोही आपल्याच प्रवर्गाचा, आपल्याच विद्यापीठ कोट्याचा आणि त्याच प्रवेश फेरीचा. टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा) आकडा खुल्या जागेशी ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

पसंतीक्रमातली चूक याहून महाग पडते. 2025 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तीनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला पर्याय मिळाला की जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. भीतीपोटी 'हमखास मिळणारं' कॉलेज वर टाकलं, तर तेच पदरात पडतं. फॉर्म नेहमी आवडीच्या क्रमानेच भरावा. हमखास मिळणारं तळाशी.

तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था एआयसीटीईने 2024 पासून चांगल्या संस्थांना शाखेतल्या प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे नावाजलेल्या महाविद्यालयांना कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवता येतात. 60 च्या 120 जागा झाल्या की शेवटचा प्रवेश खालच्या क्रमांकावर होतो, म्हणजे मागणी तेवढीच असूनही कटऑफ घसरलेला दिसतो. तेव्हा कटऑफ उतरला म्हणून कॉलेजवर काट मारण्याआधी त्या वर्षीची प्रवेशसंख्या शेजारी लिहून पाहा.