बारा व्होल्ट जातात कुठे?

‘मोटर गेली साहेब.’ जुन्या गाडीची पॉवर विंडो अडकली की नाशकात द्वारका असो, सिडको असो नाहीतर सातपूर, हे निदान दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, उघडण्याआधीच मिळतं. मोटर बदलली जाते, काच वर जाते, आपण पैसे देऊन निघतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच दार, तीच काच आणि तेच वाक्य. माझ्या जुन्या हॅचबॅकचं डावं दार या फेऱ्यात सापडल्यावर मी काढून टाकलेली मोटर मागून घेतली आणि घरी तिला थेट बॅटरी लावली. गरगरा फिरली. रिकामी मोटर फिरली म्हणजे ओझं उचलेलच असं नाही, हे कबूल. पण जळलेली मोटर फिरत नसते. मग दारात असताना तिला काय झालं होतं?

हे समजायचं तर बॅटरीच्या बारा व्होल्टचा हिशेब मांडावा लागतो. तो मांडायची मला हौस आहे, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

दारात काय असतं ते आधी पटकन पाहू. कायम चुंबकाची एक छोटी डीसी मोटर. तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे, म्हणजे वर्म. ते एका चाकाचे दाते ढकलतात. मोटर पन्नास-साठ वेळा फिरते तेव्हा ते चाक एकदा फिरतं. त्याच्या पुढे मेस्त्री ज्याला नुसतं ‘मशीन’ म्हणतात ते: कैचीसारखे दोन लोखंडी हात, किंवा पुलीवरून फिरणारी तार. हे मशीन तीन-चार किलोची काच दोन्ही कडांच्या रबरी खाचांतून वर सरकवतं. वर्म गिअर उलटा चालत नाही. काच हाताने कितीही दाबली तरी मोटर फिरत नाही, म्हणून बाहेरून कोणाला ती सहज खाली ढकलता येत नाही. पण असा अडून राहणारा गिअर मोटरची निम्म्याहून जास्त शक्ती घर्षणातच खातो. काचेपर्यंत पोचणारी ताकद मुळातच थोडी.

आता माझा आवडता भाग. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून करंट सोडला की तार हलते, ही मोटर. चुंबकीय क्षेत्रात तार हलवली की तारेत वीज तयार होते, हे जनित्र. फॅरडेने ते १८३१ मध्ये दाखवलं. शाळेत एकाला डाव्या हाताचा नियम, दुसऱ्याला उजव्या हाताचा, आकृत्याही निराळ्या. त्यामुळे एक गोष्ट निसटते: फिरणारी प्रत्येक मोटर त्याच क्षणी जनित्रही असते. तिची गुंडाळी चुंबकांमध्ये फिरतेच आहे, तर तिच्यात व्होल्टेज तयार होणारच. आणि लेन्झने १८३४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार ते बॅटरीच्या विरुद्ध उभं राहणार. त्याला विरोधी व्होल्टेज म्हणू. मोटर जितकी वेगात, तितकं ते जास्त.

यातून मोटर स्वतःला सांभाळायला शिकते. ओझं कमी असेल तर वेग जास्त, विरोध जास्त, म्हणून करंट कमी. ओझं वाढलं की वेग पडतो, विरोध घटतो, जास्त करंट आपसूक आत येतो. मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, करंटच्या प्रमाणात असतो, त्यामुळे ताकद वाढते. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. निसर्गाचा एक नियम सगळं बघतो. मला यापुढे गाडीतल्या टचस्क्रीनचं फार कौतुक वाटत नाही.

पण मोटर पूर्ण अडकली तर वेग शून्य आणि विरोधही शून्य. मग करंटला अडवायला उरतो तो फक्त गुंडाळीतल्या तांब्याचा रोध, आणि तो एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो.

आकडे घालून पाहू. गुंडाळीचा रोध ०.६ ओहम धरा. इंजिन चालू असताना गाडीत चौदाच्या आसपास व्होल्ट असतात, पण हिशेबाला १२ बरे. काच उचलण्याच्या पिळासाठी ६ अँपिअर लागतात असं समजा. गुंडाळीत ६ × ०.६ = ३.६ व्होल्ट खर्ची पडले. उरलेले ८.४ विरोधी व्होल्टेजच्या, म्हणजेच वेगाच्या नावावर. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं ठेवा: वाटेतला खर्च भागवून जे व्होल्ट उरतात, तो मोटरचा वेग.

आता स्विचमधला संपर्क काळा पडला आणि वाटेत ०.४ ओहमचा जादा रोध आला. काच तीच, पीळ तेवढाच, म्हणून करंटही ६ अँपिअरच. स्विचने २.४ व्होल्ट खाल्ले. वेगाला उरले ६. काच रेंगाळत वर जाते आणि आपण म्हणतो, गाडी जुनी झाली, चालायचंच.

दुसऱ्या गाडीत स्विच नवा आहे, पण खाचेतलं रबर कडक झालंय आणि वाटेवरच्या धुळीने भरलंय. दुप्पट जोर लागतो, म्हणजे १२ अँपिअर. गुंडाळीत ७.२ व्होल्ट गेले, वेगाला ४.८ उरले. काच कण्हते, पण पोचते.

तिसऱ्या गाडीत दोन्ही आहे. लागतात १२ अँपिअर, वाटेतला एकूण रोध १ ओहम. बारा एके बारा. वेगाच्या नावावर शून्य. काच तिथल्या तिथे थांबते.

मोटर तिन्ही गाड्यांत तीच आहे, धडधाकट. एकट्या खराब स्विचने काच अडली नाही, एकट्या रबरानेही नाही. म्हणून ‘दोष नक्की कुठल्या पार्टमध्ये आहे’ हा प्रश्नच इथे चुकतो. मग मोटर बदलल्यावर काच चालते ती का? नव्या मोटरचे ब्रश (फिरत्या गुंडाळीला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) ताजे, रोध किंचित कमी, हे एक. पण मोठं कारण असं की मोटर बदलायची तर मशीन सुटं करावं लागतं. मेस्त्री जाता जाता ग्रीस लावतो, काच काढून बसवताना खाचेतली माती निघते. घर्षण घटलं, काच चालली, श्रेय मात्र मोटरला मिळालं. माती पुन्हा साचायला जेवढा वेळ लागतो तेवढीच ही दुरुस्ती टिकते.

स्विचमधल्या त्या ०.४ ओहमकडे अजून एकदा बघा. ६ अँपिअरला तिथे १४ वॅटहून जास्त उष्णता निघते, १२ अँपिअरला ५७ वॅटहून जास्त, आणि तीही ज्वारीच्या दाण्याएवढ्या धातूच्या टिकलीवर. उष्णतेने टिकली आणखी काळी पडते, रोध आणखी वाढतो. शिवाय गुंडाळीतला करंट एकदम थांबायला तयार नसतो. बटण सोडताना तो हवेतून उडी मारतो, ठिणगी पडते. काच वर टेकल्यावरही बटणावर बोट दाबून ठेवायची सवय अनेकांना असते. तेव्हा मोटर अडकलेली आणि करंट कमाल असतो, आणि बोट उचलताना तो सगळा तोडायचं काम त्या टिकलीवर येतं. काच टेकली की बोट उचला. फुकटातला उपाय आहे.

मग मीटर लावून हे कळत का नाही? मेस्त्री मोटरचं कनेक्टर काढतो, त्यात मीटरच्या पिना घालतो, बटण दाबायला सांगतो. ‘बघा, बारा येतायत. म्हणजे मोटरच.’ यात मेस्त्री खोटं बोलत नाही, मीटरही नाही. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो. त्यातून जाणारा करंट अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाएवढा. इतक्याशा करंटला ०.४ ओहमच काय, गंजून हजार ओहमची झालेली तारसुद्धा अडवत नाही. व्होल्ट वाटेत खर्च होतात ते करंट वाहत असताना. वाहत नसेल तर सगळे शाबूत. म्हणून कनेक्टर न काढता, काच अडकलेली असताना, क्षणभर बटण दाबून मोजायचं. वरच्या तिसऱ्या गाडीत तेव्हा मोटरवर ७.२ व्होल्ट दिसतील, आणि मीटरच्या पिना स्विचच्या दोन टोकांना लावल्या तर हरवलेले ४.८ तिथे सापडतील. मीटर नसेल तर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब मोटरच्या जागी जोडा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. मंद पेटला तर वाट खराब.

वाट म्हणजे नुसती धन तार नव्हे, परतीचीही. पुष्कळ जुन्या गाड्यांत बटण दाबलेलं नसताना मोटरच्या दोन्ही तारा स्विचमधूनच अर्थला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला, टेकलेल्या असतात. बटण दाबलं की एक तार धन बाजूला जाते, दुसरी अर्थवरच राहते. बटण उलट दाबलं की अदलाबदल, म्हणून मोटर उलटी फिरते. डाव्या दाराचा अर्थ बहुधा ड्रायव्हरकडच्या मुख्य स्विचमधून घेतलेला असतो. म्हणजे डावीकडे बसलेल्याने आपलं बटण दाबलं की करंट त्या बटणातून मोटरमध्ये, तिथून दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून, डॅशबोर्डमागून, उजव्या दाराच्या नळीतून मुख्य स्विचमध्ये, आणि तिथल्या कोणीही न दाबलेल्या टिकल्यांतून अर्थला पोचतो. डावी काच अडते आणि दोष उजव्या दारात निघतो तो असा. त्या रबरी नळ्यांचंही एक लक्षण आहे: दार उघडं असताना काच चालते आणि दार लावलं की चालत नाही, असं झालं तर वाकून वाकून आतले तांब्याचे तंतू तुटलेत असं समजावं. तिथे मोटर, स्विच, मशीन सगळं बदललं तरी फरक पडणार नाही.

यापुढचा प्रकार मात्र लोकांना खरोखर चकवतो. काच अडकते, आपण चिडून बटण दाबत राहतो, आणि मग दार पूर्ण गप्प होतं. आतला ‘गुं’ असा आवाजही बंद. दहा मिनिटांनी काच जणू काही झालंच नाही अशी चालू. अडकलेल्या मोटरमध्ये नेहमीच्या कितीतरी पट उष्णता तयार होते. आपल्या हिशेबात २१.६ वॅटच्या जागी ८६.४. ती जळू नये म्हणून आत बहुधा द्विधातूची पट्टी असते. पट्टी तापते, वाकते, करंट तोडते. गार झाली की पूर्ववत.

त्या दहा मिनिटांत श्रद्धा जन्माला येतात. कोणी दारावर बुक्की मारतो, कोणी गाडी बंद करून चालू करतो, कोणी मागच्या शनिवारचं सुकलेलं लिंबू-मिरची बदलतो. नाशकात उपाय सुचवणाऱ्यांची वानवा नाही. पट्टी आपल्या वेळेने गार होते आणि श्रेय शेवटच्या उपायाला जातं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ठरावीक अंतराने दाणे देऊन पाहिले. दाण्यांचा त्यांच्या वागण्याशी काही संबंध नव्हता, तरी दाणे पडताना जो योगायोगाने स्वतःभोवती फिरत होता तो फिरतच राहिला, असं त्याने नोंदवलं. बुक्कीत थोडं तथ्य असू शकतं, झिजून अडकलेला ब्रश हादऱ्याने जागेवर बसतो. लिंबाला तेवढाही आधार नाही.

आता उन्हाळ्याचं कोडं सुटतं. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो आणि मोटरमधले फेराइट चुंबक दर अंशाला सुमारे ०.२ टक्का कमजोर होतात. जानेवारीतल्या सकाळी दाराच्या आत १० अंश आणि मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीत ६० अंश धरले, तर रोध २० टक्के जास्त, चुंबक १० टक्के क्षीण. क्षीण चुंबकाकडून तोच पीळ हवा तर करंट जास्त लागतो, आणि तो जास्त करंट जास्त रोधातून न्यायचा. दोन्हीकडून व्होल्ट गळतात. ज्या काचेकडे जेमतेम एखाद-दोन व्होल्ट शिल्लक होते, तिचा मेमध्ये निकाल लागतो. संध्याकाळी गॅरेजपर्यंत जाताना गाडी निवते, काच सुरळीत चालते आणि मेस्त्री आपल्याकडे संशयाने बघतो.

हिवाळ्यातली अडचण बहुधा आपण स्वतः ओढवून घेतलेली असते. काच कुरकुरते म्हणून घरातलं खोबरेल खाचेत सोडणारे बरेच. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, आणि निफाडचा पारा दहाच्या खाली गेल्याची बातमी दर थंडीत असते. सकाळी खाचेत पांढरा गोळा. इंजिन ऑइल किंवा डिझेल त्याहून वाईट, कारण खाचेतलं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं आणि ते खनिज तेलाने फुगतं. फुगलं की काचेला आणखी आवळतं. तिथे चालतो तो सिलिकॉनचा स्प्रे, तोही खाच ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मग. स्प्रे मारून काच दोन-तीनदा खालीवर करायची.

गॅरेजात जाल तेव्हा हाच क्रम धरा: आधी खाच साफ, मग अडकलेल्या अवस्थेत व्होल्टची मोजणी, मग स्विच उघडून टिकल्यांची सफाई किंवा स्विचच बदलणं, मग नळीतल्या तारा. काच तिरकी होऊन एका कोपऱ्यात अडत असेल, किंवा मोटरचा आवाज येतोय आणि काच हलत नाही, तर मशीनची तार नाहीतर प्लॅस्टिकचा तुकडा गेलाय. तिथे हा सगळा हिशेब लागू नाही, मशीनच बदला. मोटर सगळ्यात शेवटी.

पॅड उघडलंच आहे तर दोन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच, त्यासाठी दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. ती मातीने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करायची. आणि पॅडमागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद. तो पाणी दाराच्या बाहेरच्या अर्ध्यात ठेवतो. घाईत तो फाडून कोपऱ्यात टाकला जातो आणि त्र्यंबकच्या एका पावसात स्विचच्या टिकल्यांपर्यंत ओल पोचते. तो परत नीट, चारी बाजूंनी चिकटवला जाईपर्यंत पॅड लावू देऊ नका.