समलिंगी प्रवासी, कामगार आणि परदेशातले कायदे: पार्श्वभूमी

समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे साठहून अधिक देश आजही आहेत. ‘ही आमची संस्कृती’ असं त्यांतले बरेच देश सांगतात, पण कायदा पुष्कळदा ब्रिटिशांच्या हातचा असतो. आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्याचा वारसा १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ होऊन उतरला आणि तिथून सिंगापूर-मलायात गेला. आफ्रिकेतल्या अनेक वसाहतींना ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या १८९९ च्या संहितेचा साचा मिळाला. इंग्लंडने १९६७ मध्ये आपली बंधनं सैल केली, भारताने २०१८ मध्ये, सिंगापूरने २०२२ मध्ये. युगांडा उलट्या दिशेने गेला. तिथल्या २०२३ च्या कायद्यात काही प्रकारांसाठी थेट मृत्युदंड आहे.

अर्थात कलम नसलं म्हणून धोका टळत नाही. इजिप्तच्या कायद्यात समलैंगिकतेचा उल्लेखच नाही. तिथे १९६१ चा वेश्याव्यवसायविरोधी कायदा वापरतात. मे २००१ मध्ये कैरोत नाईल नदीवरच्या ‘क्वीन बोट’ या तरंगत्या नाइटक्लबवर छापा पडला आणि पुढे ५२ पुरुषांवर खटला चालला. आता छाप्याचीही गरज उरलेली नाही. डेटिंग ॲपवर पोलिसच खोटं प्रोफाइल उघडतात, गोड बोलून भेटायला बोलावतात आणि फोनमधलं चॅट पुरावा म्हणून पुढे करतात.

पर्यटक यातून बऱ्याचदा हद्दपारीवर सुटतो. कामगाराची गोष्ट वेगळी, आणि तिच्याकडे लक्ष फार कमी जातं. आखाती देशांतल्या कफाला पद्धतीत व्हिसा मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, नावाशी बांधलेला असतो. मनाई असूनही अनेकांचे पासपोर्ट मालकाच्याच कपाटात असतात. लेबर कॅम्पच्या खोलीत वरच्या-खालच्या बंकवर झोपणाऱ्यांमध्ये काय लपून राहणार? कुणीतरी चुगली केली की मालकाच्या हातात आयतं हत्यार येतं. मग पगार थकला तरी तक्रार करायची सोय राहत नाही. २०१३ मध्ये तर कुवेतच्या एका आरोग्य अधिकाऱ्याने परदेशी कामगारांच्या वैद्यकीय तपासणीत समलिंगी ‘ओळखून’ त्यांना प्रवेश नाकारण्याची कल्पना मांडली होती. अशी कुठलीही वैद्यकीय चाचणी नसते, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं.

वकिलातीकडून फार आशा ठेवू नये. ती तुरुंगात भेट देते, वकिलांची यादी देते. स्थानिक कायद्यातून सोडवून आणू शकत नाही. आखातात गेलेल्या केनिया-युगांडाच्या कामगाराला तर अटकेचं खरं कारण आपल्याच वकिलातीत सांगायचीही भीती, कारण मायदेशीही तो गुन्हाच आहे.