बंदी आदेश वेगळा, संचारबंदी वेगळी

'कोल्हापूर जिल्ह्यात बंदी आदेश लागू' ही चार-सहा ओळींची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वर्षातून कितीतरी वेळा येते. गणपती आले की येते, ऊसदराचं आंदोलन तापलं की येते. निवडणूक, जयंती, मंत्र्यांचा दौरा, कोणतंही निमित्त पुरतं. मोबाइलवर ती फिरायला लागली की दोन प्रकारची माणसं भेटतात. एकजण घाबरून विचारतो, "संचारबंदी लागली म्हणं, उद्या दुकान उघडायचं का न्हाई?" दुसरा म्हणतो, "दर पंधरवड्याला असतंयच की हे, त्यात काय एवढं." पहिल्याची भीती चुकीची आहे, ती पाच मिनिटांत घालवता येते. दुसऱ्याची बेफिकिरी मात्र आपल्या सगळ्यांना महागात पडते आहे, म्हणून हे मुख्यतः त्याच्यासाठी लिहितो आहे.

आधी संचारबंदी. घराबाहेर पडण्यावरच बंदी, म्हणजे संचारबंदी. त्यासाठी वेगळा कायदा नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 144 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 आलं. याच कलमाखाली दंडाधिकारी 'पाच जणांनी एकत्र जमू नये' असंही सांगू शकतात आणि 'कुणीच बाहेर पडू नये' असंही. मार्च 2020 आठवा. 22 तारखेला शहरी भागात 144 जाहीर झालं, 23 तारखेला राज्यभर संचारबंदी. पहिल्या आदेशात एकट्यानं मंडईत जाऊन भाजी आणायला हरकत नव्हती. दुसऱ्या आदेशानंतर रस्त्यावर दिसलात तर कारण सांगावं लागत होतं.

संचारबंदी डोळ्यांना दिसते. दुकानांची शटर खाली, चौकाचौकांत बॅरिकेड, एसटी बंद. व्यापाऱ्यांचं नुकसान होतं, मुलांच्या परीक्षा अडतात, म्हणून ती कधी उठणार हा प्रश्न सकाळ-संध्याकाळ विचारला जातो आणि प्रशासनालाही ती फार दिवस ठेवणं परवडत नाही. कायद्यानंही वेसण घातली आहे. कलम 163 चा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. राज्य सरकारला वाढवायचा असेल तर पुढे फार तर सहा महिने. आदेश कोणत्या वस्तुस्थितीमुळे काढला ते त्यात लिहावं लागतं. ज्याला आदेशाची झळ बसते त्याला तो रद्द करा किंवा बदला असा अर्ज देता येतो, अर्जदाराला लवकरात लवकर बाजू मांडू द्यावी लागते आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यावी लागतात.

आता बंदी आदेश. याचं मूळ महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 मध्ये आहे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा अधिकार आयुक्तांकडे असतो. कोल्हापूरला आयुक्तालय नाही, त्यामुळे इथं आदेशाखाली सही जिल्हादंडाधिकाऱ्यांची किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांची. जिल्हाधिकारी हेच जिल्हादंडाधिकारी. म्हणजे ज्यांच्या दारात आपण निवेदन घेऊन जातो, त्यांच्याच सहीनं आपल्याला जमायला मनाई होते.

हा आदेश एकदा पूर्ण वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. बातमीत 'शस्त्रबंदी व जमावबंदी' एवढंच येतं. मूळ आदेशात पोटकलम 37(1) ची यादी असते. सुरुवातीला तलवारी, भाले, सोटे, काठ्या, स्फोटकं, दगड गोळा करणं. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नसावी. पुढे वाचत गेलं की यादी बदलते. प्रेतांचं किंवा पुतळ्यांचं प्रदर्शन करणं. जाहीरपणे घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं. आवेशपूर्ण भाषण करणं, हावभाव करणं, नकला करणं, चित्रं, चिन्हं, फलक तयार करणं किंवा दाखवणं, जर त्यामुळे सभ्यतेला, नीतीला धक्का लागत असेल किंवा राज्याची सुरक्षितता धोक्यात येत असेल. आणि हे सगळं ठरवायचं कुणी, तर आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यानं, त्याच्या मतानुसार. तलवार आणि फलक एकाच यादीत बसवलेत, एकाच सहीखाली.

त्याला जोड पोटकलम 37(3) ची. या पोटकलमानं सभा आणि मिरवणुकांवर बंदी घालता येते. आदेशात सहसा 'पाच किंवा त्यापेक्षा जास्त व्यक्तींनी एकत्र जमणे' असे शब्द असतात. लग्न, अंत्ययात्रा, धार्मिक विधी आणि ड्यूटीवरचे सरकारी कर्मचारी यांना सूट असते. परवानगी घेऊन केलेल्या कार्यक्रमालाही सूट असते.

दोन्ही आदेश शेजारी ठेवले की खरा फरक कळतो. संचारबंदीत सगळंच थांबतं. बंदी आदेशात रंकाळ्यावर भेळ मिळते, महाद्वार रोडवर खरेदी होते, शाळा भरते, सिनेमाचा खेळ होतो, अंबाबाईच्या दर्शनाची रांग लागते. थांबतं ते एकच: माणसांनी मिळून सरकारला काहीतरी सांगणं. रोजचं जगणं कुठेच अडत नाही, म्हणून तर ही बंदी कुणाच्या लक्षात येत नाही. संचारबंदी विरोधकालाही लागते आणि समर्थकालाही. बंदी आदेशाचा काच मात्र ज्याला काही मागायचं आहे त्यालाच लागतो. माझ्या मते आपल्या स्वातंत्र्याला जास्त धोका याच आदेशापासून आहे.

मुदतीचंच बघा. कलम 37(3) म्हणतं की अशी बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. कायदा करणाऱ्यांनी ही अट विचारपूर्वक घातली होती: जिल्ह्याच्या पातळीवर पंधरा दिवस पुरेत, त्यापुढे लागलं तर वरून कुणीतरी तपासावं. प्रत्यक्षात काय होतं? पंधरा दिवसांचा आदेश संपतो आणि पुढच्या पंधरा दिवसांचा नवा आदेश निघतो. मजकूर तोच, तारखा तेवढ्या वेगळ्या. कारण म्हणून येणारे सण, जयंत्या, आंदोलनांची शक्यता. सण तर आपल्याकडे बाराही महिने असतात. प्रत्येक आदेश सुटा पाहिला तर मुदतीत बसतो, सगळे ओळीनं मांडले तर मुदतीला अर्थच उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं यावर स्पष्ट बोट ठेवलं आहे. काश्मीरमधल्या निर्बंधांविरुद्धच्या अनुराधा भसीन प्रकरणात 10 जानेवारी 2020 रोजी न्यायालय म्हणालं की कलम 144 खाली पुन्हा पुन्हा तेच आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल, आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत आणि रास्त मतप्रदर्शन दाबण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही. तो निकाल 144 बद्दलचा आहे, कलम 37 बद्दल नाही, हे मान्य. पण एका कलमाखाली जो गैरवापर आहे तो दुसऱ्या कलमाखाली कारभाराची पद्धत कसा होईल?

त्याहून जुना निकाल तर याच अधिनियमाखालचा आहे, तेव्हा त्याचं नाव मुंबई पोलीस अधिनियम होतं. अहमदाबादच्या हिम्मतलाल शहांना सार्वजनिक रस्त्यावर सभेची परवानगी नाकारली होती. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रस्त्यावरच्या सभेला शिस्त लावण्याचा अधिकार सरकारला आहे, पण कुठलाही निकष न देता परवानगी द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही. शांततेनं, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(ख) नं दिला आहे. कायम चालू राहणारा बंदी आदेश या हक्काची परवानगी करून टाकतो. मग आपण पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन उभे राहतो आणि परवानगी मिळाली की आभार मानतो.

एका सरकारी कार्यालयाच्या गेटवर पाहिलेला प्रसंग. पाण्याची तक्रार घेऊन खेड्यातल्या बायका आल्या होत्या, हातात रिकाम्या घागरी. बंदोबस्तातला हवालदार समजूतदार माणूस होता, आवाजही चढवला नाही त्यानं. "मावशी, पाचजणीच आत जावा निवेदन द्यायला. बाकीच्यांनी गेटच्या भाईर थांबा." एक म्हातारी म्हणाली, "आरं लेकरा, आमी भांडायला न्हाई आलो, सायबानं आमच्या घागरी बघाव्यात म्हणून आलोय." तो म्हणाला, "मला कळतंय वो, पण आदेश हाय." घागरी गेटबाहेर ओळीनं मांडून राहिल्या आणि आत गेला तो कागद.

त्या बायकांवर गुन्हा दाखल झाला नाही. सगळ्यांच्या नशिबी ते येत नाही. आंदोलनाच्या बातमीच्या शेवटी 'बंदी आदेशाचा भंग केल्याप्रकरणी अमुक जणांवर गुन्हा' हे वाक्य आपण नेहमी वाचतो. इथं शिक्षेतला फरक फार कमी जणांना ठाऊक असतो. संचारबंदी मोडली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, आणि जीविताला धोका किंवा दंगल असा प्रकार असेल तर एक वर्षापर्यंत. त्यातही संबंधित अधिकाऱ्यानं, त्याच्या वरिष्ठानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानं लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. कलम 37(1) चा आदेश मोडला तर पोलीस अधिनियमाचं कलम 135 लागतं: एक वर्षापर्यंत कैद, आणि न्यायालयानं खास कारण नोंदवलं नाही तर किमान चार महिने. ज्या आदेशाला आपण 'असतंयच की' म्हणतो, त्याची किमान शिक्षा कायद्यातच लिहिलेली आहे.

शिक्षा क्वचितच होते. पण खटला पडून राहतो, आणि खरं नुकसान तिथं होतं. कागल, करवीर, शिरोळकडची कितीतरी पोरं पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात. ऊसदरासाठी एखाद्या चौकात बसलेल्या पोराचं नाव गुन्ह्यात आलं की चारित्र्य पडताळणीत ते निघतं. पासपोर्टच्या वेळी निघतं. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकार अधूनमधून काढतं, तोवर कोर्टाच्या तारखा चालू. बापच पोराला सांगतो, "तू मागं ऱ्हा, नाव येऊ देऊ नको." इतकं झालं की आदेशाचं काम झालं, लाठी उगारावी लागत नाही.

बंदीची गरज कधीच नसते असं मी म्हणत नाही. 7 जून 2023 ला शहरात जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मोबाइलवरच्या स्टेटसवरून शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. (इंटरनेट बंदी हा तिसराच प्रकार, तिचे नियम वेगळे आणि आदेश राज्याच्या गृह खात्याच्या पातळीवरून निघतो, तिला जमावबंदी किंवा संचारबंदी म्हणू नये.) दगड उडत असताना जमाव पांगवणं हे पोलिसांचं कामच आहे, नाही केलं तर गरीब दुकानदार मरतो. पण तेव्हा कारण समोर होतं, जागा ठरलेली होती, आणि शहर शांत झाल्यावर बंदी उठवणं योग्य होतं. शहरातल्या तणावाचं कारण दाखवून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला चंदगडच्या शेतकऱ्यानं तहसीलसमोर बसू नये, याला काय आधार?

या जिल्ह्यानं जे मिळवलं ते जमूनच मिळवलं. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखी वयानं थकलेली माणसं रस्त्यावर उतरली, त्यांच्यामागं पेठा उतरल्या, तालमी उतरल्या, आणि शेवटी टोल गेला. तेव्हा पाच-पाच जणांनी आळीपाळीनं निवेदनं दिली असती तर आज आपण नाक्यावर पावती फाडत असतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दर ठरवण्याची भाषा होते, कारण समोर मैदान भरलेलं असतं. कारखानदार एकेकट्या शेतकऱ्याचं ऐकतो का, हे ज्यानं गाळपाच्या हंगामात ऊसतोडीच्या चिठ्ठीसाठी खेटे घातलेत त्याला विचारा.

करण्यासारख्या गोष्टी आहेत, आणि त्या पूर्वीपेक्षा सोप्या झाल्यात. बंदीची बातमी दिसली की पहिल्यांदा कलम कोणतं ते बघा: 163 की 37. मग मूळ आदेश मागा. बातमीवर किंवा व्हॉट्सअॅपवर विसंबू नका. तारखा, हद्द आणि कारण, तीन गोष्टी वाचा. 163 असेल तर आदेश बदलण्याचा अर्ज थेट दंडाधिकाऱ्यांकडे करा आणि लेखी उत्तर मागा. 37 असेल तर गेल्या वर्षभरातले सगळे आदेश माहिती अधिकारात एकत्र मागवा, शिवाय पंधरा दिवसांपुढे राज्य सरकारची मंजुरी घेतली होती का, तेही विचारा. एक आदेश हातात असला तर तो पंधरा दिवसांचा प्रश्न असतो. चोवीस असले तर उच्च न्यायालयात मांडण्यासारखा पुरावा असतो.

आणि त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. ते मिळावं म्हणून सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी अनेक दशकं मोर्चे काढले, धरणी धरली, साखळी उपोषणं केली.